परवडणारा संगणक: किमतीचा आणि दुरुस्तीचा हिशेब

घराघरांत आणि शाळाशाळांत संगणक पोचवण्याची चर्चा निघाली, की ती बहुधा यंत्र कितीला पडेल या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते. ऐंशीच्या दशकातील घरगुती संगणकांविषयी अलीकडे जे कुतूहल पुन्हा जागे झाले आहे त्यालाही हेच वळण लागले आहे. ती यंत्रे साधी होती, मुलांना थेट आज्ञावली लिहायला लावणारी होती आणि आता कालबाह्य झाली आहेत. तेव्हा ती मातीमोल भावाने गोळा करून शाळांना वाटावीत, असा एक विचार मांडला जातो. त्याला विरोध करणारेही किमतीचाच आधार घेतात आणि नवा संगणक इतका स्वस्त झालेला असताना जुन्याचा सोस कशाला, असे विचारतात. दोन्ही पक्ष परवडण्याचा अर्थ खरेदीच्या पावतीवर शोधतात, आणि म्हणूनच दोन्ही उथळ ठरतात.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की यंत्र परवडते की नाही हे तीन गोष्टींवरून ठरते: घरात किंवा शाळेत आधीच असलेल्या वस्तूंच्या आधारावर ते किती चालते, बिघडल्यावर ते किती जवळ दुरुस्त होते, आणि शिकवणाऱ्याला ते किती पूर्णपणे कळते. या तिन्ही कसोट्यांवर घरगुती संगणकांची मूळ रचना आजही टिकते, मात्र त्या काळातील प्रत्यक्ष यंत्रे टिकत नाहीत. त्यामुळे जुने नग शोधत बसण्यापेक्षा जुनी रचना नव्याने घडवणे हे शहाणपणाचे आहे. आणि पुण्याजवळच्या भोसरीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्याला हे काम हाती घेण्याजोगी साधने आधीच उपलब्ध आहेत.

१. घरगुती संगणक स्वस्त कशामुळे झाला

'घरगुती संगणक' ही संज्ञा येथे १९७७ च्या सुमारास सुरू होऊन १९९० च्या आसपास संपलेल्या पिढीसाठी वापरली आहे. या यंत्रांत आठ बिटांचा प्रोसेसर, म्हणजे आठ द्विमान अंकांची संख्या एका वेळी हाताळणारी चिप असे. बहुतेकांचे सगळे मंडल कळफलकाच्याच खोक्यात मावे. आणि वीज देताच, काही सेकंदांच्या आत, 'बेसिक' ही नवशिक्यांसाठी रचलेली प्रोग्रॅमिंगची भाषा पडद्यावर आज्ञेची वाट पाहू लागे. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम आणला तेव्हा १६ किलोबाइट स्मृतीचे यंत्र १२५ पौंडांना आणि ४८ किलोबाइटचे १७५ पौंडांना होते. त्याआधी काही महिने बाजारात आलेल्या अकॉर्न कंपनीच्या बीबीसी मायक्रोचे 'मॉडेल बी' हे वरच्या दर्जाचे रूप लवकरच ३९९ पौंडांवर गेले.

स्पेक्ट्रमच्या किमतीचे रहस्य चिपांच्या काटकसरीत जितके होते, त्याहून अधिक ते त्या खोक्यात काय नव्हते यात होते. पडदा नव्हता, कारण घरात दूरचित्रवाणी संच होता. आज्ञावल्या साठवण्याची तबकडी नव्हती, कारण घरात कॅसेट रेकॉर्डर होता. म्हणजे कुटुंबाने आधीच केलेल्या खर्चावर हे यंत्र उभे राहत असे.

दुसरे वैशिष्ट्य आकलनाचे. स्पेक्ट्रमची कायमस्वरूपी आज्ञावली, म्हणजे यंत्राच्या स्मृतीत कारखान्यातच कोरलेला आणि वीज गेली तरी न पुसला जाणारा भाग, अवघ्या १६ किलोबाइटचा होता. इयन लोगन आणि फ्रँक ओ'हारा यांनी १९८३ मध्ये तिचे ओळीगणिक विवरण पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. एखादा चिकाटीचा शिक्षक किंवा बारावीचा विद्यार्थी ते पुस्तक उन्हाळ्याच्या सुटीत वाचून संपवू शकतो. आजच्या कोणत्याही मोबाइलविषयी, तो बनवणाऱ्या कंपनीतल्या अभियंत्यालाही, असे म्हणता येणार नाही.

२. भारतात आलेल्या दोन वाटा

भारतात हे संगणक दोन वेगळ्या वाटांनी आले. पहिली वाट सरकारी होती. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' हा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला, आणि पहिल्या टप्प्यात सुमारे २५० माध्यमिक शाळांत बीबीसी मायक्रो बसवले. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सार्वजनिक कंपनीने त्याच यंत्राची 'युनिकॉर्न' ही आवृत्ती परवान्याखाली देशात काढली. दुसरी वाट खासगी आणि पुण्याच्या परिसरातली होती: डेसीबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या पुण्याच्या कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने सिंक्लेअरचे यंत्र परवान्याखाली बाजारात आणले. ब्रिटन आणि भारत या दोन्ही देशांत दूरचित्रवाणीची पाल पद्धत आणि विजेचा दाब जवळपास सारखाच असल्याने हे स्थलांतर तांत्रिकदृष्ट्या फारसे अवघड नव्हते.

या इतिहासाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. काही हजार रुपयांचे यंत्र मुलाच्या हाती देऊ शकणारी कुटुंबे पिंपरी-चिंचवडमध्ये, मोठ्या कारखान्यांतल्या कायम कामगारांच्या वसाहती धरूनही, थोडीच असणार. 'क्लास'मधून शाळेत पोचलेले यंत्र तर परदेशी अभ्यासक्रमासाठी घडलेले आणि इंग्रजी बोलणारे होते. नव्वदच्या दशकात वैयक्तिक संगणक, म्हणजे आयबीएमच्या धर्तीचा पीसी, सर्वत्र आला, आणि सरकारी योजनेसह सगळेच तिकडे वळले. या घटनेचा नेहमीचा अर्थ 'जुने तंत्र नव्यापुढे हरले' असा लावला जातो. परंतु तंत्र बदलले तेव्हा यंत्राबरोबर शिक्षकाने कमावलेले ज्ञानही निकालात निघाले, आणि दर काही वर्षांनी तेच पुन्हा घडत राहिले, ही बाजू त्या अर्थात येत नाही. शाळेच्या दृष्टीने हा खर्च यंत्राच्या किमतीहून मोठा असतो. फक्त तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

३. स्वस्त यंत्रांनी काय शिकवले

किंमत खाली आणली की प्रश्न सुटतो, या समजुतीची परीक्षा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वारंवार झाली आहे, आणि त्यातली एक थेट महाराष्ट्रात झाली. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही निकोलस निग्रोपाँटी यांची मोहीम शंभर डॉलरच्या यंत्राचे आश्वासन देऊन सुरू झाली. प्रत्यक्षात ते यंत्र १८८ डॉलरच्या आसपास पडू लागले. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच या कल्पनेस नकार दिला होता, तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील एकशिक्षकी शाळेत तिचा भारतातील पहिला प्रयोग झाला. यंत्र विचारपूर्वक घडवलेले होते. ते धूळ आणि पाणी सोसणारे होते, कमी विजेवर चालणारे होते, साध्या पेचकसाने उघडता येणारे होते. पण पेचकसाने उघडता येणे आणि कर्जतच्या बाजारात सुटा भाग मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जगभर विखुरलेल्या अशा यंत्रांचा जीव नेमका या अंतरात गेला. पेरू देशाने हीच यंत्रे मोठ्या प्रमाणावर घेतली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांच्या पाहणीवर आधारलेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटर-अमेरिकन विकास बँकेच्या अभ्यासात गणित आणि भाषा या विषयांतील गुणांवर परिणाम आढळला नाही, सामान्य आकलनशक्तीच्या काही चाचण्यांत मात्र थोडी वाढ दिसली.

भारताचा स्वतःचा प्रयोग 'आकाश' टॅब्लेटचा. ऑक्टोबर २०११ मध्ये मोठ्या समारंभाने जाहीर झालेले हे यंत्र सरकारला सुमारे २,२७६ रुपयांना पडले. प्रोसेसर मंद, स्मृती तुटपुंजी, स्पर्शपडदा बोट जोराने दाबल्याशिवाय न ऐकणारा. पुढच्या वर्षी मुंबई आयआयटीच्या देखरेखीखाली सुधारित आवृत्ती आली, तोवर पहिलीवरचा विश्वास उडाला होता. बंगळूरच्या 'सिंप्युटर' या हातात मावणाऱ्या संगणकाची गत फारशी निराळी झाली नाही. या सगळ्या यंत्रांत समान धागा असा, की किंमत एका दूरच्या ठिकाणी, एका मोठ्या मागणीच्या गृहीतकावर ठरली, आणि बिघाडाची जबाबदारी मात्र ज्याच्याकडे ना भाग ना आकृती अशा शिक्षकावर येऊन पडली.

परवडण्याचा उलटा नमुना पिंपरी-चिंचवडच्या याच पट्ट्यात तयार झाला होता. आकुर्डीहून १९७२ पासून बाहेर पडू लागलेली चेतक स्कूटर स्वस्त म्हणण्याजोगी कधीच नव्हती, शिवाय नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे; तरी सामान्य पगारदाराने ती वीस-वीस वर्षे वापरली, कारण तिची केबल, क्लच प्लेट आणि प्लग प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळत होते आणि ती उघडून पुन्हा जुळवणारा मिस्त्री पुढच्या चौकात बसत होता. शालेय संगणकाला आजवर असा मिस्त्री मिळालेला नाही.

४. मूळ यंत्रे शाळेत का नकोत

तर मग १९८२ ची यंत्रेच शोधून आणावीत, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. विद्युत्-विच्छेद्य धारित्र, म्हणजे ज्याच्या आत द्रव असतो तो कपॅसिटर, तीस-चाळीस वर्षांत वाळतो किंवा गळतो. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यातील गाळणीचे धारित्र तर जुने झाले की धूर काढून फुटण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. स्पेक्ट्रमच्या कळफलकाखालचा पातळ पटल कडक होऊन चिरतो. त्यातच ही यंत्रे आता संग्राहकांची झाली आहेत, आणि संग्राहकाच्या बाजारात नग कमी झाला की भाव वाढतो. म्हणजे शाळांनी ती मागायला सुरुवात केली तर शाळांनाच ती परवडेनाशी होतील. स्पेक्ट्रमचे हृदय असलेल्या झेड-८० चिपचे मूळ रूपातील उत्पादन बंद करत असल्याचे तिच्या निर्मात्या झायलॉग कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. ४८ वर्षांचे हे उत्पादन-आयुष्य ही या क्षेत्रातील अपवादात्मक गोष्ट आहे, परंतु तिचा अर्थ स्पष्ट आहे: जुना नग हा संग्रहालयाचा विषय आहे, वर्गाचा नाही.

रचना मात्र मरत नाही. क्रिस स्मिथ या अभियंत्याने स्पेक्ट्रममधील सिंक्लेअरच्या खास चिपचा अंतर्भाग उलगडून २०१० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले, आणि 'हार्लेक्विन' या फेरनिर्मितीत त्या चिपचे काम साध्या, बाजारात सुट्या मिळणाऱ्या तर्कचिपांकडून करून दाखवले. अलीकडचे 'एगॉन लाइट' हे बर्नार्डो कास्ट्रप यांनी आखलेले मंडल अधिक उपयोगी उदाहरण आहे, कारण ते मुक्त आहे, म्हणजे त्याची आकृती कोणीही घेऊन बनवू शकतो; त्यात झेड-८० च्याच वंशातील नवी, वेगवान चिप आहे; चालू करताच बीबीसी बेसिक समोर येते; आणि बल्गेरियातील ओलिमेक्स ही कंपनी त्याची आवृत्ती साधारण ५० युरोंत विकते. जुन्या यंत्राचा गुण टिकवून त्याचा बिघाड टाकून देणे शक्य आहे, याचा हा पुरावा मानता येतो.

५. या पट्ट्याची जमेची बाजू

एगॉनचे मंडल पडद्यासाठी व्हीजीए जोडणी वापरते, आणि येथे पहिली कसोटी पुन्हा पुढे येते. ऐंशीच्या दशकात कुटुंबाकडे दूरचित्रवाणी संच होता; आज तळवड्यापासून चाकणपर्यंतच्या कचेऱ्यांकडे व्हीजीए जोडणीचे, अजून उत्तम चालणारे, पण ताळेबंदातून वजा झालेले पडदे आणि कळफलक आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा आधार संपल्याने अशा निकाली यंत्रांत भर पडणे स्वाभाविक आहे. या मालाची आजवरची वाट भंगाराच्या बाजाराकडे जात असे. चिखलीतील कुदळवाडीच्या भंगार गोदामांवर महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये हातोडा चालवला, पण कारखाने निर्माण करतात तो टाकाऊ माल त्यामुळे कमी झाला नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम मोठ्या वापरकर्त्यांना असा कचरा केवळ नोंदणीकृत यंत्रणेकडे द्यायला सांगतात, आणि त्यांत पुनर्वापरयोग्य दुरुस्ती करणाऱ्याला वेगळे, मान्य स्थान आहे. एखादी औद्योगिक संघटना, तंत्रनिकेतन किंवा महापालिकेची औद्योगिक प्रशिक्षण संस्था अशी नोंदणी घेऊ शकते.

मंडल घडवण्याची क्षमताही हाताशी आहे. वाहन उद्योगाने या भागात छोट्या व्हेंडरांची जी साखळी उभी केली, तिच्यात छापील मंडलांवर भाग बसवणारे, वायरिंग हार्नेस गुंफणारे, प्लॅस्टिकची खोकी ओतणारे आणि साचे बनवणारे टूलरूमवाले सगळे आहेत. आणि पाचशे नगांची वर्कऑर्डर यांच्यासाठी हास्यास्पद नाही, जशी ती एखाद्या बहुराष्ट्रीय संगणक कंपनीसाठी असते. शाळांना लागणारी संख्या नेमकी या मधल्या मापाची आहे.

आता हिशेब मांडून पाहावा. पुढचे आकडे उदाहरणादाखल गृहीत धरले आहेत. एका शाळेत दहा यंत्रे, पडदा आणि कळफलकासह प्रत्येकी ५,००० रुपये, म्हणजे एकूण ५०,००० रुपये. चाळीस शाळांमागे एक तंत्रज्ञ, महिन्याला २५,००० रुपये, प्रत्येक शाळेत महिन्यातून एक फेरी. वर्षाचे ३ लाख रुपये चाळिसांत वाटले तर शाळेमागे ७,५०० रुपये. दहा वर्षांत यंत्रे आणि दुरुस्ती मिळून १,२५,००० रुपये होतात, म्हणजे चालू स्थितीतल्या प्रत्येक वर्षाला १२,५०० रुपये. तंत्रज्ञ नसेल आणि यंत्रे दोन वर्षांत बंद पडून कपाटात गेली, तर चालू वर्षाचा खर्च २५,००० रुपये होतो. तो पुन्हा १२,५०० वर आणायचा तर यंत्राची किंमत निम्मी करावी लागेल. म्हणजे किंमत निम्म्यावर आणून जे साधते, तेच चाळीस शाळांत एक माणूस नेमून साधते. फरक इतकाच, की चिपांचा भाव तैवान आणि शेनझेनमध्ये ठरतो, तर माणूस नेमण्याचा निर्णय पिंपरीत होऊ शकतो. शंभराहून अधिक शाळा चालवणाऱ्या पिंपरी-चिंचवड महापालिकेला असे तीन तंत्रज्ञ पुरतील. सुटे भाग त्यांच्या पिशवीत लागतील हे खरे, पण भागांची यादी एका पानात मावणारी असेल तर तो खर्च किरकोळ राहतो.

कुटुंबांचा प्रश्न याच यंत्रणेतून सुटू शकतो. चाकण, म्हाळुंगे, कुरुळी या परिसरात भाड्याच्या खोलीत राहणारे, कंत्राट संपले की बिऱ्हाड हलवणारे कुटुंब संगणक विकत घेणार नाही, आणि त्याने घ्यावा असा आग्रहही धरू नये. शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तकासारखे यंत्र आठवडाभर घरी नेता आले, आणि त्याला घरचा टीव्ही जोडण्यापुरता एक रूपांतरक सोबत दिला, तर मालकीचा भार कुटुंबावर न पडता वापर घरात पोचतो.

६. काही आक्षेप

पहिला आक्षेप असा, की प्रत्येक घरात मोबाइल असताना आठ बिटांचे यंत्र कशाला. मोबाइल हे वापरण्याचे उत्कृष्ट साधन आहे, परंतु त्याच्या आत पाहण्याची वाट मुद्दाम बंद केलेली असते, आणि कामगार कुटुंबात तो बहुधा एकच असून पाळीवरून परतलेल्या पालकाच्या हातात असतो. जुन्या यंत्राची नक्कल करणारी आज्ञावली, म्हणजे एमुलेटर, मोबाइलवर फुकट चालते, हे या आक्षेपाचेच पुढचे रूप. बेसिक शिकण्यासाठी ती पुरेशी आहे. मात्र तारेचे टोक जोडून दिवा लावणे, चुकीचा भाग काढून नवा डाखणे, या गोष्टी तिच्यातून येत नाहीत, आणि या पट्ट्यातल्या मुलांपुढे असलेल्या रोजगारात नेमक्या त्याच कामाला येतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: २०१२ मध्ये ३५ डॉलरला आलेल्या रास्पबेरी पायने हे काम आधीच केलेले नाही का. बीबीसी मायक्रोच्या परंपरेचा वारसा सांगणारे ते यंत्र उत्तम आहे, आणि अकरावी-बारावीसाठी तेच निवडावे. परंतु त्याची मुख्य चिप चौकातल्या मिस्त्रीला बदलता येत नाही, त्यावर संपूर्ण आधुनिक कार्यप्रणाली चालते, आणि ती बिघडली की शिक्षक पुन्हा परावलंबी होतो. सहावी ते आठवीत, जेथे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने संगणकीय आज्ञालेखनाची सुरुवात सुचवली आहे, तेथे शक्तीपेक्षा आकलनाला महत्त्व द्यायला हवे.

तिसरा आक्षेप भाषेचा, आणि तो मान्यच करावा लागतो. स्पेक्ट्रमचे अक्षर आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकटीत बसत असे. शिरोरेषा, वेलांटी आणि रफार त्या चौकटीत कोंबले की जोडाक्षर वाचता येत नाही, त्यामुळे ती यंत्रे मराठी शाळेत कायम परकी राहिली असती. नव्या फेरनिर्मितीला ही मर्यादा नाही. देवनागरी संगणकावर आणण्याचे मोठे काम पुण्यातच सी-डॅकच्या 'जिस्ट' तंत्राने केलेले आहे. आज्ञा इंग्रजीत राहिल्या तरी चालेल, पण 'सोळाव्या ओळीत कंस मिटलेला नाही' असा चूक दाखवणारा संदेश मुलाला मराठीत मिळायला हवा, आणि तो कायमस्वरूपी स्मृतीत बसवणे हे तंत्रनिकेतनाच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाएवढे काम आहे.

शेवटचा अडथळा तांत्रिक नाही, कार्यालयीन आहे. सार्वजनिक खरेदीत सर्वांत कमी दराची, बोलीभाषेत 'एल-वन' म्हटली जाणारी, निविदा जिंकते, आणि हा नियम भ्रष्टाचार रोखण्यासाठी आवश्यक असल्याने तो मोडा असे सांगून भागणार नाही. दर कशाचा मागवायचा हे मात्र निविदेत लिहिता येते. यंत्राचा दर न मागवता चालू स्थितीतल्या यंत्र-वर्षाचा दर मागवावा; मंडलाची आकृती, कायमस्वरूपी आज्ञावली आणि भागांची यादी मोरवाडीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेकडे जमा केल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये; आणि ज्या आठवड्यात वर्गातील दहापैकी आठाहून कमी यंत्रे चालू असतील, त्या आठवड्याचे पैसे कापावेत. अशा अटींवर बोली लावायला बड्या विक्रेत्यांपेक्षा भोसरीतला चार टेबलांचा कारखाना अधिक तयार असेल, कारण त्याचा माणूस सायकलवरूनही शाळेत पोचू शकतो.